औषध महत्त्वाचे, तशी औषधाची डबीही!

थायरॉईडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की काही रुग्णांना डॉक्टर सांगतात, "आता एक गोळी घ्यावी लागेल." गोळी एवढीशीच, नेहमीच्या कॅप्सूलसारखी. परंतु ती येते शिशाच्या जाड भांड्यातून. देणारा ती हाताने देत नाही, आणि देऊन झाली की लांब उभा राहतो. गोळी गिळल्यावर बहुतेक रुग्णांना काही दिवस वेगळ्या खोलीत राहावे लागते. जेवणाचे ताट दाराशी ठेवले जाते, भेटायला येणाऱ्यांना मज्जाव असतो. हे सारे पाहून गावाकडून सोबत आलेल्या नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. जे औषध इतके जपून हाताळायचे, ते पोटात कसे घ्यायचे? आणि ते फक्त गळ्याच्या गाठीवरच काम करील, बाकीच्या शरीराला बाधणार नाही, हे कशावरून?

वाचकहो, हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. औषध नेमक्या जागी पोहोचवणे आणि नको त्या जागी जाऊ न देणे, हीच कर्करोगावरील किरणोपचाराची खरी अडचण आहे. त्या अडचणीवर एक नवलाईचा उपाय गेली काही वर्षे प्रयोगशाळांतून तपासला जात आहे. केसाच्या हजारो पटींनी बारीक अशा कर्बाच्या नळीत औषध भरायचे, दोन्ही तोंडे बंद करायची आणि ती बंद नळीच शरीरात सोडायची. म्हणजे औषधाला गळती नाही. या नळ्या कशा भरतात, त्यांतून काय साधेल आणि त्यांचा धोका कोणता, हे आज पाहू. सुरुवात मात्र घरापासून, म्हणजे नवी मुंबईपासून करू.

वाशीहून निघणारे औषध

आपल्या देशातील अनेक रुग्णालयांना किरणोत्सर्गी औषधे पुरवणारी संस्था नवी मुंबईत वाशी येथे आहे. तिचे नाव बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, थोडक्यात 'ब्रिट'. अणुऊर्जा खात्याने ती १९८९ साली स्थापन केली. खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील 'ध्रुव' ही अणुभट्टी १९८५ साली प्रथम सुरू झाली. अशा अणुभट्टीत साधी मूलद्रव्ये ठेवून त्यांच्यावर न्यूट्रॉन कणांचा मारा केला की त्यांतून किरणोत्सर्गी मूलद्रव्ये तयार होतात. ती शुद्ध करून, मोजून त्यांच्या कॅप्सूल आणि इंजेक्शने बनवायची आणि शिशाच्या भांड्यात बंद करून रुग्णालयांकडे रवाना करायची, असे हे काम आहे.

हे औषध साठवून ठेवता येत नाही. बर्फाची लादी जशी दुकानात पडल्या पडल्या वितळत जाते, तसे ते आपोआप कमी होत जाते. थायरॉईडसाठी वापरतात ते आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे उरते, सोळा दिवसांत पाव आणि चोवीस दिवसांत दोन आणे. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना शमवण्यासाठी वापरतात ते समेरियम-१५३ तर दोन दिवसांच्या आतच निम्म्यावर येते. म्हणून अणुभट्टी, वाशी, विमानतळ, रुग्णालय अशी घड्याळाबरोबर धावाधाव असते. ठरल्या दिवशी रुग्ण हजर राहिला नाही तर त्याच्या वाटचे औषध वाया जाते. "तारीख चुकवू नका" असे डॉक्टर बजावतात, त्याचे हे कारण.

एकाला पत्ता ठाऊक, दुसऱ्याला नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोळी पोटात गेली तरी औषध गळ्याशी कसे पोहोचते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आयोडीनयुक्त मीठ आपण खातो ते थायरॉईड ग्रंथीसाठी. ही ग्रंथी रक्तातले आयोडीन वेचून घेते आणि त्यापासून आपले संप्रेरक बनवते. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते हे तिला ओळखता येत नाही. समोर येईल ते ती घेते. थायरॉईडच्या कर्करोगाच्या पुष्कळशा पेशींतही ही खोड शिल्लक असते. त्या आयोडीन आत ओढून घेतात आणि त्याच्या किरणांनी मरतात. या किरणांपैकी मारक किरणांचा पल्ला जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा, त्यामुळे लांबच्या अवयवांना त्यांची झळ फारशी लागत नाही. गरजेपेक्षा जास्त असलेले आयोडीन मुख्यतः लघवीवाटे निघून जाते.

म्हणजे आयोडीनला पत्ता सांगावा लागत नाही. परंतु सगळ्या मूलद्रव्यांचे असे नाही. समेरियम नुसतेच रक्तात सोडले तर ते यकृतासारख्या नको त्या ठिकाणी जाऊन बसेल. म्हणून ते एका रासायनिक चिमट्यात धरून देतात. ईडीटीएमपी नावाचा हा रेणू समेरियमला खेकड्याच्या नांगीसारखा पकडतो. त्याची स्वतःची ओढ हाडाकडे, विशेषतः जिथे कर्करोगामुळे हाडाची उलथापालथ चाललेली असते तिकडे असते. चिमटा हाडाकडे जातो आणि समेरियमलाही सोबत नेतो. या इंजेक्शनाने कर्करोग बरा होत नाही. परंतु रात्र रात्र जागवणाऱ्या हाडांच्या वेदना अनेक रुग्णांत कमी होतात. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगायला नको.

मात्र आयोडीनला थायरॉईडचा आणि या चिमट्याला हाडाचा पत्ता ठाऊक, म्हणून हे जमते. समजा, फुप्फुसातल्या गाठीवर आयोडीनचा मारा करायचा आहे. आयोडीन एखाद्या रेणूला चिकटवून पाठवले आणि वाटेत तो बंध तुटला, तर सुटे झालेले आयोडीन आपल्या जुन्या सवयीने थेट थायरॉईड गाठणार. आजारी फुप्फुस राहील बाजूला आणि निरोगी थायरॉईडचे नुकसान होईल. चिमट्याची पकड कितीही पक्की असली तरी रक्तात इतर रेणूंची ओढाताण सतत चालू असतेच. मग पकडीऐवजी चारी बाजूंनी बंद अशी डबीच का वापरू नये? या विचारातून शास्त्रज्ञ कर्बाच्या नळीकडे वळले.

कर्बाची सुरळी

पेन्सिलीतले शिसे आपण म्हणतो ते वास्तविक शिसे नसून ग्रॅफाईट, म्हणजे कर्बाचेच एक रूप. त्यात कर्बाचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात. यातली एक जाळी सुटी करून सुरळीच्या वडीसारखी गुंडाळली आणि तिच्या कडा बेमालूम जोडल्या, तर जी नळी होईल तिला शास्त्रज्ञ कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. आपण सोयीसाठी कर्बनळी म्हणू. प्रत्यक्षात ती हाताने गुंडाळत नाहीत. कर्बयुक्त वाफ योग्य तापमानाला आणली की अणू आपण होऊन असे जुळतात. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी तर यासाठी आपल्या देवघरातला कापूर वापरून पाहिला आहे.

जपानमधील शास्त्रज्ञ सुमिओ ईजिमा यांनी १९९१ साली या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. काही नळ्या एकपदरी, तर काही नळीत नळी अशा अनेकपदरी असतात. एकपदरी नळीची रुंदी साधारण एक ते दोन नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा पन्नासएक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. इतकी बारीक असूनही ही नळी विलक्षण मजबूत असते. तिच्या भिंतीची जाळी इतकी घट्ट असते की आतले अणू भिंतीतून बाहेर पडू शकत नाहीत, आणि आत पोकळी असल्यामुळे तिथे काही ठेवता येते.

नळी भरायची कशी?

इतक्या बारीक नळीत काही भरायचे म्हणजे सुई नाही, नरसाळे नाही. मग युक्ती काय? युक्ती आपल्या समईतलीच आहे. वातीचे एक टोक तेलात असते, तेल आपोआप वर चढते. बारीक पोकळीत द्रव आपण होऊन शिरण्याच्या या गुणाला शाळेच्या पुस्तकात केशाकर्षण म्हणतात. हाच गुण कर्बनळीत कामाला येतो, हे १९९३ साली ईजिमा आणि त्यांचे सहकारी पुलिकेल अजयन यांनी दाखवले. अजयन मूळचे केरळातील कोडुंगल्लूरचे, धातुशास्त्र शिकले ते बनारस हिंदू विद्यापीठात. त्यांनी कर्बनळ्यांवर शिशाचे कण पसरून ते हवेच्या सान्निध्यात वितळवले, तेव्हा नळ्यांची टोके उघडली आणि शिशापासून झालेला द्रव आत शिरला. नळीत दुसरा पदार्थ भरून जोडपदार्थ तयार करण्याची ही सुरुवात होती.

पुढच्याच वर्षी, १९९४ साली, ऑक्सफर्डच्या माल्कम ग्रीन यांच्या गटाने नळीची टोके नायट्रिक आम्लात उकळून उघडण्याची आणि मग आत धातूची संयुगे भरण्याची सोपी पद्धत सांगितली. त्याच सुमारास आणखी एक नियम हाती आला. ज्या द्रवाचा पृष्ठताण कमी तोच नळीत शिरतो. काचेवर पाणी पसरते आणि पाऱ्याचे मात्र गोळे होतात, हे आपण पाहिलेले आहे. तसेच इथेही घडते. पाणी आत जाते; पारा दारातच अडतो. अनेक क्षार वितळल्यावर सहज आत जातात.

प्रत्यक्ष कृती ऐकायला साधी आहे. कर्बनळ्यांची पूड आणि क्षाराची पूड एकत्र खलायची, ती एका नळकांड्यात भरून आतली हवा काढून घ्यायची आणि तोंड वितळवून बंद करायचे. मग क्षार वितळेपर्यंत भट्टीत तापवायचे. सोडियम आयोडाइड हा क्षार सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतो. त्याचा रस नळ्यांत शिरतो. तापमान आणखी वाढवून मग थंड केले की एकपदरी नळ्यांची टोके मिटतात. शेवटी पाण्याने वारंवार धुऊन नळ्यांच्या बाहेर चिकटलेला क्षार काढून टाकायचा. आतला मात्र धुपत नाही, कारण पाण्याला आत जायला वाट उरलेली नसते. करंजीची कडा नीट मुडपली की तळताना सारण तेलात उतरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अशा नळ्यांत आजवर नाना पदार्थ भरून झाले. १९९८ साली तर एका नळीत कर्बाचेच चेंडूसारखे गोल रेणू ओळीने बसलेले आढळले. सूक्ष्मदर्शकातून ते वाटाण्याच्या शेंगेसारखे दिसले आणि शास्त्रज्ञांनी त्यांना तेच नाव दिले. एक जुनी गोष्टही पुढे आली. दमास्कसच्या प्रसिद्ध तलवारी ज्या पोलादापासून घडवीत, ते पोलाद भारतातून जात असे. अशाच एका सतराव्या शतकातील तलवारीचा तुकडा जर्मनीतील संशोधकांनी तपासला तेव्हा २००६ साली त्यांनी जाहीर केले की त्यात कर्बनळ्या आहेत आणि काहींच्या आत लोह आणि कर्ब यांच्या संयुगाची बारीक तार आहे. म्हणजे नळी भरण्याचे काम लोहाराच्या भट्टीत नकळत होऊन गेले होते म्हणायचे!

उंदरांवरील प्रयोग

आता औषधाकडे येऊ. २०१० साली ऑक्सफर्ड आणि लंडन येथील संशोधकांनी किरणोत्सर्गी आयोडीनचा क्षार एकपदरी नळ्यांत भरून तोंडे बंद केली. रक्तात नळ्यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून बाहेरून शर्करेच्या रेणूंचा लेप दिला. मग त्या उंदरांच्या शिरेत टोचल्या. एरवी आयोडीन कुठे गेले असते? थायरॉईडकडे. या वेळी मात्र ते थायरॉईडकडे गेलेच नाही. नळ्या फुप्फुसात जाऊन थांबल्या आणि आयोडीन त्यांच्या आतच राहिले. ज्या मूलद्रव्याची ओढ जन्मजात ठरलेली, त्याची वाट डबीने बदलली. गळतीचा प्रश्न डबीने सुटू शकतो, याचा हा पुरावा होता.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. किरणोत्सर्गी पदार्थ खलायचा, वितळवायचा, धुवायचा म्हणजे काम करणाऱ्यांच्या जिवाला घोर. शिवाय ही सगळी कृती होईपर्यंत औषध निम्म्यावर यायचे. त्यावर बार्सिलोना, लंडन आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी मिळून तोड काढली आणि २०२० साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी नळ्यांत आधी साधे, अजिबात किरणोत्सर्गी नसलेले समेरियम भरले. तोंडे बंद केली, नळ्या धुतल्या, तपासल्या, सारे सावकाश केले. आणि सगळ्यात शेवटी त्या बंद नळ्या अणुभट्टीत ठेवल्या. न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतले समेरियम जागच्या जागी किरणोत्सर्गी झाले. फुप्फुसात कर्करोग पसरलेल्या उंदरांना ते टोचल्यावर गाठींची वाढ लक्षणीय कमी झाली.

भट्टीत भाजायला टाकण्यापूर्वी मडके थंड असते तेव्हाच त्याला हवा तो आकार देऊन घ्यावा, तशी ही युक्ती आहे. ट्रॉम्बेला अणुभट्टी आणि वाशीला औषध बनवण्याची सोय असलेल्या आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने तिचे महत्त्व उघड आहे. वाशीहून वेदनाशामक इंजेक्शनासाठी जाणारे समेरियम आणि या प्रयोगातले समेरियम एकच आहे. फरक आहे तो चिमट्याचा आणि डबीचा.

डबीच बाधली तर?

इथवर वाचून कोणालाही वाटेल की मग हे औषध आता आलेच. परंतु नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. औषधाची गळती थांबली, पण नळीचे काय? समेरियम आठवड्या-दोन आठवड्यांत निष्प्रभ होईल. नळी मात्र उरेल. ती जाणार कुठे?

या प्रश्नाने शास्त्रज्ञांना सावध केले आहे, आणि त्याचे कारण ॲस्बेस्टॉस. पत्रे आणि पाईप यांत वर्षानुवर्षे वापरलेल्या या खनिजाचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी बाहेरून आलेला कण गिळून टाकतात. परंतु लांब आणि ताठ तंतू त्यांना गिळता येत नाही. घशात माशाचा काटा अडकावा तशी त्यांची गत होते. जागेवर सूज धुमसत राहते आणि काही जणांत वीस, तीस, चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग उद्भवतो. कर्बनळीही लांब, बारीक आणि चिवटच. २००८ साली ब्रिटनमधील संशोधकांनी लांब अनेकपदरी कर्बनळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तेव्हा तिथल्या आवरणावर ॲस्बेस्टॉससारखीच सूज दिसून आली. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली एका विशिष्ट प्रकारच्या ताठ अनेकपदरी नळीला 'मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला पदार्थ' या गटात घातले. इतर प्रकारच्या नळ्यांबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असेही तिने नमूद केले.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. पाण्यात नीट मिसळतील असा लेप दिलेल्या काही आखूड नळ्या प्राण्यांच्या लघवीवाटे बाहेर पडल्याचे आढळले आहे. आपल्या पांढऱ्या पेशींतील एक विकर एकपदरी नळ्यांचे हळूहळू विघटन करू शकते, असे २०१० साली दाखवले गेले. म्हणजे लांबी किती, पदर किती, लेप कोणता, यावर नळीचे गुणदोष ठरतात. पण इथेच खरा पेच आहे. डबी इतकी भक्कम हवी की औषध संपेपर्यंत फुटू नये, आणि इतकी नाजूक हवी की काम संपल्यावर शरीराने तिची विल्हेवाट लावावी. या दोहोंचा मेळ ज्या दिवशी बसेल त्या दिवशी हे औषध माणसांपर्यंत येऊ शकेल. आजमितीस ते उंदरांपर्यंतच आहे. नळीत भरलेले किरणोत्सर्गी औषध आज कोणत्याही रुग्णालयात उपचार म्हणून दिले जात नाही.

म्हणून एक इशारा देणे भाग आहे. 'नॅनो' हा शब्द अलीकडे जाहिरातींत फार दिसतो. नॅनो थेंब, नॅनो पावडर, नॅनो काढा, आणि त्यावर कर्करोग मुळासकट घालवण्याची हमी. काही खऱ्या औषधांत नॅनोतंत्राचा उपयोग होतो, हे खरे. पण ती औषधे कर्करोगतज्ज्ञ लिहून देतात आणि ती रुग्णालयात मिळतात, रस्त्यावरच्या तंबूत किंवा टपालाने नव्हे. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून अशा पुडीवर तीन महिने घालवले, तर गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

तोवर आपण काय करावे?

उद्याच्या औषधाची वाट पाहण्यासाठी आजचा उपचार थांबवू नये, हे पहिले. आजच्या उपचारांतही 'नेमक्या जागी' हाच मंत्र आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे 'ॲक्ट्रेक' हे केंद्र आहे. तिथे उभारलेली प्रोटॉन उपचाराची सोय २०२३ साली राष्ट्राला अर्पण झाली. प्रोटॉनचा झोत ठरलेल्या खोलीवर जाऊन बहुतांश ऊर्जा तिथेच टाकतो आणि पलीकडच्या निरोगी भागाला वाचवतो. वाशीचे आयोडीन आतून जाते, खारघरचा झोत बाहेरून येतो, हेतू एकच.

ज्यांच्या घरात कोणाला किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी घ्यायची आहे, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गोळीपूर्वी काही दिवस आयोडीन कमी असलेला आहार घ्यायला सांगतात. आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्रातली मासळी त्या काळात वर्ज्य असते. ग्रंथी आयोडीनसाठी भुकेली असेल तरच औषध नीट घेईल, हे त्यामागचे कारण. जेवलेल्या माणसापुढे पुन्हा ताट मांडून उपयोग नसतो.

स्त्री गरोदर असेल तर ही गोळी देत नाहीत. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना आधी सांगावे. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध पाजणे बंद करावे लागते. गोळीनंतर डॉक्टर सांगतील तितके महिने, सर्वसाधारणपणे निदान सहा महिने, गर्भधारणा टाळावी.

गोळी घेतल्यावर भरपूर पाणी प्यावे आणि लघवी तुंबवू नये. शौचालयात दर वेळी भरपूर पाणी ओतावे. हात साबणाने धुवावेत. टॉवेल, अंथरूण आणि भांडी सांगितलेल्या दिवसांपुरती वेगळी ठेवावीत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून तितके दिवस अंतर राखावे. घरी परतण्यासाठी बसचा लांबचा प्रवास असेल तर त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे.

आणि एक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. किरणोत्सर्ग म्हणजे साथीचा रोग नव्हे. जंतू वाढतात, हे औषध मात्र दर दिवसागणिक कमीच होत जाते. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली की रुग्णाच्या हातचा चहा प्यायला, त्याच्या मांडीवर नातवंड द्यायला काहीही हरकत नाही. पुष्कळ रुग्णांना आजारापेक्षा लोकांनी टाळण्याचे दुःख अधिक होते. ते आपल्या हातून होऊ नये.

शेवटी पुन्हा शिशाच्या त्या जाड भांड्याकडे येऊ. ते पाहून भीती वाटते हे खरे, पण ते भांडे आहे आजूबाजूच्यांच्या रक्षणासाठी. वाटेत कोणाला बाधा होऊ नये म्हणून औषधाला शिशाची डबी. शरीरात शिरल्यावर मात्र आज औषधाला डबी नसते. ते आपल्या स्वभावावर किंवा चिमट्याच्या पकडीवर विसंबून जाते. शरीरातल्या प्रवासासाठीही एक डबी असावी, एवढीच शास्त्रज्ञांची धडपड आहे. ती डबी आता भरता येते, मिटता येते, हे सिद्ध झाले. ती पुन्हा रिकामी होऊन शरीराबाहेर सुखरूप कशी जाईल, तेवढे सिद्ध व्हायचे आहे. ते होईपर्यंत वाशीहून निघालेल्या गोळीची तारीख चुकवू नये, हे बरे.